नदीपलीकडचे माहेर

आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली आणि धुरपदाबाईंचा पाय घरात ठरेना. सकाळी त्यांनी ओटा झाडला, चहा घेतला आणि तोच ओटा पुन्हा झाडला. फळीवरून कुरडयांचा डबा खाली काढला, झाकण उघडून आत पाहिले आणि डबा होता तसा परत वर ठेवला. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की हातातले काम थांबे. मोटारसायकल पुढे निघून गेली की त्या उगीचच कोंबडीवर ओरडत.

"आई, जरा बसा ना," सून ज्योत्स्ना म्हणाली. "ऊन किती झालंय."

"बठीसन काय करू? बठनं म्हनजे काम शे का?"

आणि त्या नदीकडे निघाल्या.

करंजसीम नावाची गावे दोन. नदीच्या या काठाला बुद्रुक, त्या काठाला खुर्द. एरंडोलहून येणारी एसटी आधी बुद्रुकला थांबते, मग पुलावरून खुर्दला जाते आणि तिथल्या मारुतीच्या देवळाला वळसा घालून परत फिरते. धुरपदाबाई सत्तरी ओलांडलेल्या. जन्म खुर्दचा, लग्न बुद्रुकला. एवढ्या आयुष्यात त्यांनी ओलांडली ती ही एक नदी. सासरच्या ओट्यावर उभे राहिले की माहेर दिसायचे: उंच निंब, त्याखाली घराचे पत्रे. सकाळी पत्र्यांवरून धूर निघाला की कळायचे, आईची चूल पेटली. धूर उशिरा निघाला की दिवसभर जिवाला घोर.

वर्षभर त्या नदी हव्या तेव्हा ओलांडत. दळणाला, कापूस वेचायला, कुणी आजारी असले तर बघायला. तेव्हा कुणाला विचारावे लागत नसे. पण आखाजीला तसे चालत नाही. आखाजीला लेक माहेरी जाते ती मुऱ्हाळ्याबरोबर. भावाने नाहीतर भाच्याने दारात यायचे, चुलीपाशी बसून पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "लेवाले उनू," म्हणजे घ्यायला आलो. मग लेकीने निघायचे. घर दहा पावलांवर असो की शंभर कोसांवर, आपल्या पायांनी उठून आखाजीला गेलेल्या लेकीला माहेर नसते, असे दोन्ही काठांवरच्या बायका मानत आल्या.

धुरपदाबाईंचा मुऱ्हाळी म्हणजे त्यांचा थोरला भाऊ जीवराम. हा गडी बैलगाडी जुंपून यायचा. खुर्दहून बुद्रुकला, जिथे माणूस विडी पेटवून निघाला तर ती विझायच्या आत पोचतो, तिथे बैलगाडी! बैलांना झुली, गाडीत गोधडी. बहिणीला बसवायचा आणि सरळ घरी न जाता गाडी काठाकाठाने वर न्यायचा, मरीआईच्या देवळावरून वळसा घ्यायचा आणि वरच्या उतारावरून नदीत उतरायचा.

"आरे, घर ते त्या बाजूले शे!" पहिल्या वर्षी ती ओरडली होती.

"माहेर जवळ शे म्हनीसन आखूड थोडंच करानं?" तो म्हणाला होता. "गानं म्हन. गानं पुरं व्हवावर उतरसूत."

आणि खरेच, गाणे संपेपर्यंत तो गाडी फिरवत राहायचा.

आता जीवरामचे ऐका. धुरपदाचे लग्न झाले त्याच मांडवात त्याचेही झाले, तेही बुद्रुकच्याच घरी. धुरपदाचा नवरा तोताराम आणि त्याची बहीण कमल. इकडची पोरगी तिकडे, तिकडची इकडे. त्यामुळे कमल ही धुरपदाची नणंदही आणि भावजयही. दोघी एका वयाच्या, म्हणून नात्याचा मान कुणीच ठेवला नाही. एकमेकींना नावाने हाक मारत आणि नावे ठेवतही.

आखाजीला जीवराम धुरपदाला घेऊन खुर्दकडे निघे, तेव्हा तोताराम कमलला घेऊन बुद्रुककडे येत असे. तो गाडीबिडी काही आणत नसे. तो पुढे आणि पिशवी घेतलेली कमल मागे. नदीच्या मधोमध वाळूत दोन्ही जोड्या समोरासमोर येत. पुरुष तंबाखू मळत उभे राहत. बायका एकमेकींकडे बघून पदर खोचत. कारण उद्या बार असे.

बार म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगावे लागते. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गौराई बोळवायला दोन्ही गावच्या लेकीसुना आपापल्या काठावर जमतात आणि एकमेकींना शिव्या देतात. मनापासून, नाव घेऊन, हात वर करून. जुन्या काळी गोफणीने ढेकळेही फेकत. ते बंद झाले, शिव्या राहिल्या. पुरुषांना तिथे यायला बंदी. त्यांची आखाजी निंबाखाली पत्ते कुटण्यात जाते. आणि एक नियम कडक: शिवी काठावरच सोडायची. बार संपला की नदीच्या पाण्याने तोंड धुवायचे, घरी काही न्यायचे नाही.

मजा अशी की लेक माहेरच्या काठावर उभी राहते आणि समोरचे गाव तिचे सासर असते. वर्षभर खाली मान घालून राहिलेली सून त्या दिवशी सगळ्यांदेखत सासरचे वाभाडे काढू शकते आणि तिला कुणी काही म्हणू शकत नाही. धुरपदाची पहिली आखाजी. सोळा-सतरा वर्षांची पोर. बाकीच्या बायका ढकलून तिला पुढे करताहेत, समोर बुद्रुकच्या बायकांत सासू उभी. पोरीने डोळे मिटले आणि ओरडली,

"बुद्रुकनी दाय इतली पातय, इतली पातय, तिनामा नदीना मासा पवतीन!"

दोन्ही काठ हसले. सासूही हसली, पण पदराआड. करीनंतर धुरपदा सासरी परतली, तेव्हा वरण घट्ट झाले होते. ते पुढे कधीच पातळ झाले नाही.

तिकडून कमलही काही कमी नव्हती. "खुर्दना गडी घोरतस, ते बठ्ठा बुद्रुकना कुत्रा भुकतस!" असे ती ओरडली, तेव्हा निंबाखाली जीवरामच्या हातातले पत्ते गळून पडले म्हणतात. त्या दोघींचा बार ऐकायला आजूबाजूच्या खेड्यांतून बायका येत. एकीने सोडावे, दुसरीने झेलून परत फेकावे. घसा बसेपर्यंत. मग तोंड धुवायचे आणि एकीने दुसरीच्या पोराच्या हातावर सांजोरी ठेवायची.

तोताराम गेला त्याला बरीच वर्षे झाली. त्यानंतर धुरपदाबाईंचा मुलगा हितेंद्र आत्याला आणायला जाऊ लागला. जीवराम मात्र शेवटपर्यंत स्वतः आला. बैल विकले तेव्हा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर घेऊन आला. गुडघे गेले तेव्हा रिक्षा करून आला, आणि रिक्षावाल्यालाही मरीआईवरून वळसा घ्यायला लावला. रिक्षावाला बडबडत होता आणि मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्या जिवांना हसू आवरत नव्हते.

मागच्या पौषात जीवराम गेला. त्याचा मुलगा नीलेश सुरतला, उधन्याला साड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दिवसकार्य झाले आणि तो आईला घेऊन गेला. खुर्दच्या घराला कुलूप लागले. पत्र्यांवरून धूर निघेनासा झाला. धुरपदाबाई तरी रोज सकाळी ओट्यावर येऊन तिकडे बघत.

आखाजीच्या आधी नीलेशचा फोन आला.

"आत्या, यंदा आमचं येणं दिसत नाही. आई नाही म्हणते. मी किती समजावलं."

"नही म्हनस? कसाले?"

"काय माहीत. तिला एकटं सोडून मला निघता येत नाही. पण आत्या, तुला जायचं तर तू जा ना घरी. घर तुझंच आहे. शेजारच्या मंदाबाईंकडे किल्ली ठेवलीये."

धुरपदाबाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे असे पाहिले, जणू नीलेशच त्यात बसला आहे.

"किल्ली मुऱ्हाळी व्हस का रे भाऊ?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

त्या क्षणापासून ही तगमग सुरू झाली होती. कमल नाही म्हणते. म्हणजे कमलला मी नको. भाऊ गेला, तसे माहेरही गेले. या काठावर उभे राहायचे तर सुनांच्या घोळक्यात, आणि तिकडच्यांना शिव्या द्यायच्या म्हणजे स्वतःच्या माहेराला! ते या तोंडाने होणार नव्हते. मग करीच्या दिवशी दार लावून घरात बसायचे? सगळी नदी ओरडत असताना?

नदीवर जाऊन तरी काय बघायचे? वाळू कधीच गेली. डंपर भरभरून नेली. पुलाखाली काळा खडक उघडा पडला आहे आणि जागोजागी खड्डे. खड्ड्यांत हिरवे पाणी. त्या काठाला उभ्या राहत, खुर्दच्या कुलपाकडे बघत, परत येत आणि अर्ध्या तासाने पुन्हा निघत.

ज्योत्स्नाचा मुऱ्हाळी चार दिवस आधीच आला. तिचा भाऊ लीलाधर वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला. मोठी चारचाकी घेऊन आला, चुलीपाशी नाही तरी गॅसपाशी पाटावर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "अक्का, चल, घ्यायला आलो." ज्योत्स्ना लगबगीने पिशवी भरू लागली. धुरपदाबाई दारात उभ्या. आत येतात, बाहेर जातात.

"बरं शे बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "कोनाकोनाले माहेर शे. कोनाले नुसतं कुलूप शे."

ज्योत्स्नाने पिशवीची चेन ओढली. ती बोलणारी सून नव्हे. पण चार दिवस तिने सासूच्या येरझाऱ्या पाहिल्या होत्या आणि टोमणेही ऐकले होते.

"आई, रागावू नका, पण एक विचारू का? कमलआत्यांचं माहेर कोणतं?"

"हे काय विचारस? हाईच घर. बुद्रुक."

"मग त्यांना आणायला इथून कोण गेलं?"

धुरपदाबाई जागच्या जागी थांबल्या. चार दिवसांत पहिल्यांदा.

"हितेंद्र गया व्हयी," त्या म्हणाल्या.

हितेंद्र अंगणात केळीच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होता. कापणीला माणसे आली होती, ट्रक यायचा होता. त्याला आत बोलावले. तो म्हणाला, "मी कुठे जाणार सुरतला? फोन केला होता ना आत्याला. म्हटलं, या आखाजीला."

"मंग ती काय म्हननी?"

"काही नाही. 'फोन मुऱ्हाळी असतो का रे?' म्हणाली आणि ठेवून दिला."

लीलाधरच्या घशात पाणी अडकले आणि तो खोकत बाहेर पळाला. ज्योत्स्नाने तोंड फिरवले. धुरपदाबाई कुणाकडे न बघता चपला पायात सरकवून निघाल्या.

नदीवर लिलाबाई शेळ्या घेऊन बसली होती. बुद्रुकच्या बौद्धवाड्यातली. दोघींनी उभी हयात एका सरीत कापूस वेचला आहे.

"काय वं धुरपदा, पाय भाजी राहिनात का तुना? कितला फेरा मारशी?"

धुरपदाबाई तिच्याजवळ बांधावर टेकल्या आणि सगळे सांगून टाकले. सुरतेला ती वाट बघते, इथे मी बघते. ती म्हणते माहेरचे कुणी आल्याशिवाय हलणार नाही. ती हलत नाही म्हणून नीलेश हलत नाही. नीलेश येत नाही म्हणून मी तिला शिव्या घालते. आणि तिच्या माहेरची कर्ती बाई म्हणजे मी! हितेंद्रला केळी सोडवत नाही. मग जाणार कोण?

लिलाबाई हसत सुटली. हसता हसता शेळीला दगड मारायला विसरली आणि शेळी कुणाच्या तरी मक्यात शिरली.

"मंग तू जाय ना."

"मी? बाई कव्हय मुऱ्हाळी जास का?"

"हाऊ नियम कोनी करा? गडीमाणसंस्नी. तेस्ले काय काम व्हतं आखाजीले? पत्ता खेयाना."

लिलाबाई सण-नियमांवर असे बोलू शकत होती, कारण तिच्या वाड्याने एकदा एक नियम मोडला होता. त्यांच्या बायका पूर्वी बारात उभ्या राहत, पण खालच्या अंगाला, वेगळ्या. एका वर्षी लिलाबाईच्या सासूने सांगितले, वर्षभर आम्ही फुकट ऐकतो, सणाला आणखी कशाला? त्यानंतर वाड्यातली एकही बाई बाराला गेली नाही. गावात कुजबुज झाली, मग सवय झाली. धुरपदाबाईंना त्या वर्षी राग आला होता. राग कशाचा, हे मात्र त्यांना नीट सांगता आले नसते. आता त्या लिलाबाईकडे बघत राहिल्या.

"तू येशी का बारले, जर कमल उनी ते?"

"मी नही येवाव. मी अठे बठसू, शेळ्या चारसू. तुमनं ऐकाले ते माले बी गोड लागस." लिलाबाई उठली. "पन तू आदी सुरत ते जाय!"

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई धरणगावला गाडीत बसल्या. हितेंद्रने स्टेशनवर सोडले आणि तीनदा विचारले, एकटी जाशील ना? चौथ्यांदा विचारल्यावर त्यांनी त्याला केळी मोजायला हाकलले. मांडीवर एक टोपले होते आणि टोपल्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, बुद्रुकच्या कुंभाराची घागर. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. जीवरामची ही पहिली. ती सुरतेच्या स्टीलच्या कळशीत भरली जाईल, हा विचार त्यांना रात्रभर टोचत होता.

अमळनेर गेले, दोंडाईचा गेले, नंदुरबार गेले. घागर कुठे आपटू नये म्हणून त्यांनी पाय हलवला नाही, पण जीव डब्यातून पुढे धावत होता. कमलने दार लावून घेतले तर? 'बाईमाणूस मुऱ्हाळी' म्हणून हसली तर? नीलेशच्या बायकोदेखत?

उधन्याला चाळीतले दार उघडेच होते. आणि दारातच, उंबऱ्याच्या आत, कमलबाई बसलेल्या. शेजारी भरलेली पिशवी. पिशवीवर घडी घातलेली चादर, चादरीवर पाण्याची बाटली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

"हाई पिशवी कव्हयनी भरी ठेयेल शे?" धुरपदाबाईंनी विचारले.

"तुले काय करनं शे?" कमलबाई म्हणाल्या. आवाज जुनाच, पण कुठेतरी पातळ झालेला. "तू कसाले उनी?"

धुरपदाबाई आत गेल्या. चूल नव्हती. गॅसच्या ओट्यापाशी जमिनीवर बसल्या, नीलेशच्या बायकोने, मृणालीने, दिलेले पाणी प्यायल्या, तांब्या खाली ठेवला आणि सरळ भिंतीकडे बघत म्हणाल्या,

"लेवाले उनू."

कमलबाई हसल्या नाहीत. त्या बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. मृणाली स्वयंपाकघराच्या दारात लाटणे घेऊन तशीच उभी.

"मुऱ्हाळी गडी ऱ्हास."

"तुना भाऊ नही राहिना. मना भाऊ नही राहिना. गडी कथाईन आनू?"

"मी बुद्रुकले उतरसू," कमलबाई हळू म्हणाल्या. "खुर्दले नही. ते कुलूप माले उघाडता येवाव नही, धुरपदा. आठ दिन झायात, पिशवी भरीसन बठेल शे. फोनवर कोनी बी बलावस, पन कुलूप कोन उघाडी, हाई कोनीच सांगस नही."

धुरपदाबाईंना आता कुठे कळले की रुसवा मुऱ्हाळ्याचा खरा होता, पण तेवढाच नव्हता.

"मी उघाडसू," त्या म्हणाल्या. "माहेर मनं शे. तू तुना माहेरले जाय, मी मना जास. आतेपर्यंत तेच करं ना आपन?"

कमलबाईंनी लुगड्यातली घागर पाहिली. बोट वाकवून वाजवली. खणखणीत वाजली तेव्हा म्हणाल्या, "कुंभार अजून बरा घडावस."

नीलेशने सुट्टी काढली आणि दोघींना आपल्या मोटारीत घेऊन निघाला. धुळ्याला थांबून त्याने डांगरे, म्हणजे खरबुजे, घेतली, घागरीवर ठेवायला. बुद्रुक आले. हितेंद्रच्या दारात कमलबाई पिशवी घेऊन उतरल्या, मागे न बघता आत गेल्या. गाडीत धुरपदाबाई आणि नीलेश उरले. पूल समोरच होता.

"पुलावरथून नको," आत्या म्हणाली.

"मग कुठून?"

"मरीआईवरथून वळाव."

"आत्या, तो रस्ता कुठे राहिलाय? गाडीचं खालचं घासेल."

"घासू दे."

नीलेशने एकदा आरशात पाहिले आणि गाडी वळवली. लहानपणी बापाच्या गाडीच्या मागे लोंबकळत तो इथूनच गेला होता. गाडी खडकांवर कण्हत होती. मागे आत्या काहीतरी गुणगुणत होती, मधेच शब्द विसरत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. गाणे संपले नव्हते म्हणून नीलेशने देवळाला अजून एक फेरी मारली.

कुलूप गंजले होते. धुरपदाबाईंनी तेल घातले, किल्ली फिरवली, शिवी हासडली आणि दार उघडले. दुसऱ्या दिवशी दुपारी नीलेशने घागर भरली. वर डांगर, शेजारी सांजोऱ्या, आमरस. निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकली. पत्र्यांवरून धूर निघाला. तो धूर पलीकडच्या ओट्यावरून कुणीतरी पाहिला असावा, कारण थोड्याच वेळात कमलबाई पुलावरून येताना दिसल्या. अंगणात आल्या, निंबाला हात लावून उभ्या राहिल्या. "आई, आत ये," नीलेश म्हणाला. त्यांनी मान हलवली, आणि जेवणे उरकल्यावर, कुणी बोलावत नसताना, आत गेल्या.

करीच्या दिवशी दोन्ही काठ भरले. पूर्वीइतके नाही. कॉलेजच्या पोरी मोबाइल वर धरून उभ्या. वरच्या बांधावर लिलाबाई शेळ्यांसह. धुरपदाबाई खुर्दच्या काठावर, कमलबाई बुद्रुकच्या. बायकांत कुजबुज होती, नवरा जाऊन वर्ष व्हायचे आहे, कमल उभी राहणार का? कमलबाईंनी ती ऐकली असणार. पुलावरून ट्रक धडधडत गेला. धुरपदाबाई चुळबुळत होत्या. समोरून पहिली शिवी आल्याशिवाय त्यांना तोंड उघडता येईना.

ट्रक गेला आणि कमलबाईंनी हात वर केला.

"खुर्दना गडी दगाबाज शेतस! सांगाले बी थांबतस नही, निंघी जातस!"

पोरींचे मोबाइल खाली आले. ही शिवी कुणाला होती, हे शेळ्या सोडून सगळ्यांना कळले. आणि झेलायची कुणी? खुर्दच्या काठावर त्या माणसाची बहीण उभी होती. गप्प राहिली तर शिवी कमलवरच परत पडणार होती, आणि ती घेऊन कमल घरी जाणार होती.

धुरपदाबाईंनी पदर खोचला.

"जातीन नही ते काय करतीन!" त्या ओरडल्या. घसा चिरकला, पुन्हा ओरडल्या. "बुद्रुकनी बाई एकदाव तोंड उघाडस, ते मिटसच नही! कितला साल ऐकी बिचारा!"

मग बांधावरून लिलाबाईचे हसणे आले, त्यामागून या काठाचे, त्यामागून त्या. कमलबाई हसत होत्या की रडत होत्या, इतक्या लांबून दिसेना.

"काय म्हननी?" कमलबाईंनी कानाला हात लावला. "ऐकू नही उनं!"

पुलावरून दुसरा ट्रक आला होता. धुरपदाबाई काठ उतरून खडकावर आल्या. समोरून कमलबाईही उतरू लागल्या. पोरी ओरडल्या, आजी, खड्डा आहे, सांभाळा! दोघींनी ऐकले नाही. एक शिवी, दोन पावले. पुन्हा एक शिवी. ट्रक जात होते, येत होते, शब्द निम्मे उडून जात होते, आणि प्रत्येक वेळी 'काय म्हननी?' म्हणत एक जण आणखी पुढे येत होती. शेवटी मधोमध, हिरव्या पाण्याच्या डबक्याच्या दोन्ही कडांना, त्या समोरासमोर उभ्या राहिल्या. जिथे त्यांचे भाऊ तंबाखू मळत थांबायचे, तिथेच कुठेतरी.

कमलबाईंना धाप लागली होती. त्या वाकल्या, ओंजळीत पाणी घेतले, आणि तोंडाला न लावता तसेच धरून राहिल्या.

"पुढला साल कोन येई वं लेवाले?" त्यांनी विचारले. "तू येशी, का मी येऊ?"

"ते मांगथून दखसूत," धुरपदाबाई म्हणाल्या. "आदी ते पानी टाकी दे. मना बार आजून सरना नही."